चोवीस तासांच्या बातम्या आणि आपण
(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या जिल्ह्यातील पुलगावच्या दारूगोळा भांडाराला ३१ मे २०१६ रोजी मध्यरात्रीनंतर आग लागली, तो दिवस थोरामोठ्यांना आठवत असेल. आसपासच्या गावांतील लोकांना रातोरात घरे सोडावी लागली. सकाळी टीव्ही लावला, तर मृतांचा आकडा सारखा बदलत होता. त्यात लबाडीच होती असे मी म्हणणार नाही. आत कोणाला जाता येत नव्हते, सेनेची चौकशी व्हायची होती. पण चोवीस तास चालणाऱ्या वाहिनीला 'अजून कळले नाही' एवढे सांगून गप्प बसता येत नाही.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तेव्हा बातम्यांची वेळ ठरलेली असे आणि मधल्या वेळात विचारपूस करता येई. २००० च्या अखेरीस हिंदीत 'आज तक' आणि २००७ साली मराठीत 'झी २४ तास' व 'स्टार माझा' (आताचे 'एबीपी माझा') आले. विदर्भातील शेतकऱ्याचे दुःख त्यांनी घरोघर दाखविले, हे उपकार मान्य केले पाहिजेत. परंतु गावोगाव वार्ताहर ठेवणे महाग पडते. चार जणांना बोलावून भांडायला लावणे स्वस्त! (माझ्याही घरी जेवताना ही भांडणे चालू असतात, हे कबूल करतो.)

२०२० चा मार्च-एप्रिल आठवा. दिल्लीच्या मरकजला आलेल्या तबलीगी पाहुण्यांनीच कोरोना पसरविला, असे कित्येक वाहिन्या रात्रंदिवस सांगत होत्या. त्याचा जाच गल्लीतल्या भाजीवाल्यापर्यंत पोहोचला. पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अशा परदेशी पाहुण्यांवरील गुन्हे रद्द केले, वृत्तपत्रे व वाहिन्यांतील अपप्रचारावर ताशेरे ओढले आणि या लोकांना बळीचा बकरा केल्याचे नमूद केले. आरोप महिनोन् महिने ऐकलेल्या किती जणांनी हा निकाल ऐकला?

मित्रहो, कुरआन शरीफच्या सूरह हुजुरातमध्ये आलेल्या खबरीची खातरजमा करण्याचा हुकूम आहे, अजाणतेपणी कोणाला इजा होऊ नये म्हणून. तो हुकूम आपल्याविरुद्धच्या बातमीपुरता नाही. दुसऱ्या समाजाविषयी आलेली बातमी तुम्ही पुढे ढकलता, तेव्हाही तो तुम्हाला लागू आहे. एक वही करा. बातमी कोणी दिली, किती वाजता दिली, स्वतः पाहून की ऐकून, एवढे लिहा. आणि आठ दिवसांनी तेच पान पुन्हा उघडा.