रजोनिवृत्तीचा काळ : झोप आणि स्मरणशक्ती

(महिला मंडळे, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या आरोग्य मेळाव्यात एका महिला वैद्यकीय अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



अशा मेळाव्यांतून आपण लसीकरणाविषयी, बाळंतपणाविषयी, पिण्याच्या पाण्याविषयी बोलतो. परंतु चाळिशी ओलांडलेल्या स्त्रीची झोप आणि तिची स्मरणशक्ती हा विषय व्यासपीठावर सहसा येत नाही. घरातही तो निघत नाही. 'वय झाले' एवढ्या दोन शब्दांत त्याची बोळवण होते. म्हणून आज मी मुद्दाम तोच विषय निवडला आहे.

काही वर्षांपूर्वी एका प्राथमिक शाळेतील शिक्षिका माझ्याकडे आल्या. त्यांच्या संमतीनेच, नाव न घेता, ही हकीकत सांगत आहे. त्यांचे वय ४७ होते आणि नोकरी करण्यास असमर्थ असल्याचा दाखला त्यांना हवा होता. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून तयार होता. कारण विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "डॉक्टरबाई, हजेरी घेताना मुलांची नावे आठवत नाहीत. फळ्याकडे वळले की काय लिहायचे तेच विसरते. माझ्या आईला अखेरीस घरची माणसेही ओळखू येत नव्हती. माझेही तसेच होणार का?"

मी त्यांच्या रात्रीची चौकशी केली. रात्रीतून दोन-तीन वेळा अंगातून वाफा निघाल्यासारखे होई, घामाने कपडे भिजत आणि मग पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नसे. पाळीही अनियमित झाली होती. यातील काहीच त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. त्याचा विसरण्याशी काही संबंध असेल, असे त्यांना वाटलेच नव्हते.

हा संबंध कसा असतो, ते आता पाहू. स्त्रीच्या बीजकोशांतून इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके रक्तात मिसळतात. त्यांचे कार्य केवळ गर्भाशयापुरते मर्यादित नसते. मेंदूच्या तळाशी शरीराचे तापमान सांभाळणारे एक केंद्र असते. इस्ट्रोजेन कमीजास्त होऊ लागले की ते केंद्र हळवे बनते. एरवी जाणवणारही नाही इतक्या थोड्या उष्णतेने ते अंग तापले असे समजते आणि घाम आणते. दिवसा अशी लाट आली तर पदराने वारा घेता येतो, पण रात्री ती झोपच मोडते. शिवाय प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात तयार होणारे एक द्रव्य मेंदूस शांत करून झोपेस साहाय्य करीत असते. त्याचेही प्रमाण घटते.

दिवसभरात जे ऐकले, वाचले, शिकले, ते पक्के करण्याचे काम मेंदू झोपेत करीत असतो. झोपच तुटक झाली की हे काम अपुरे राहते आणि दुसऱ्या दिवशी चित्तही एकाग्र होत नाही. मेंदूच्या स्मरणाशी निगडित भागांवर इस्ट्रोजेनचा प्रत्यक्ष परिणामही होत असतो. यामुळे ओठांवर आलेला शब्द निसटतो, ठेवलेली वस्तू सापडत नाही. हा दोष बुद्धीचा नव्हे, आळसाचा तर नव्हेच.

सलग १२ महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे आपण म्हणतो. आपल्या देशात हे वय सरासरी ४६-४७ वर्षे आहे. परंतु वर सांगितलेले बदल त्यापूर्वी काही वर्षे सुरू होतात. शस्त्रक्रियेत दोन्ही बीजकोश काढले असल्यास तेच बदल एकाएकी येतात.

यातील दिलाशाची गोष्ट आता सांगते. अमेरिकेत २,३६२ स्त्रियांची चार वर्षे पाहणी करून २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्मरणाची चाचणी पुनःपुन्हा दिली की सरावाने गुण वाढतात. पाळी जाण्याच्या अगदी आधीच्या काळात ही वाढ थांबल्याचे आढळले. मात्र रजोनिवृत्तीनंतर ती पुन्हा दिसू लागली. म्हणजे ही अडचण बहुतांशी तात्पुरती असते.

तथापि प्रत्येक विस्मरणाचे खापर रजोनिवृत्तीवर फोडू नये. रक्तक्षय, थायरॉइडचा विकार, ब१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मधुमेह व मनाचे नैराश्य यांचीही लक्षणे अशीच असू शकतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला, हे ध्यानात ठेवावे. मोठ्याने घोरणे व झोपेत श्वास अडखळणे हा विकारही या वयानंतर वाढतो. ओळखीची वाट चुकणे, नित्याचा स्वयंपाक वा हिशेब न जमणे, अशी लक्षणे दिसल्यास तपासणीस विलंब करू नये. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झाल्यास तर त्वरित दाखवावे.

उपाय साधे आहेत. रोज ठरावीक वेळी उठावे. दुपारची झोप अर्ध्या तासापेक्षा अधिक नसावी. दुपारी उशिराचा व सायंकाळचा चहा सोडावा. आपल्याकडे अनेक भगिनी रात्री मशेरी लावतात. त्या तंबाखूने दातांचे रक्षण होत नाही, उलट झोप उडते व कर्करोगाचा धोका वाढतो. सुती कपडे वापरावेत, खोलीत वारा खेळू द्यावा, रोज चालावे. झोप येत नसल्यास तळमळत पडून न राहता उठून बसावे आणि डोळे जड झाल्यावरच पुन्हा पडावे. झोपेच्या गोळ्या परस्पर दुकानातून आणू नयेत. अंगातून वाफा येण्याचा त्रास असह्य असल्यास संप्रेरकांचे उपचार आहेत, परंतु ते सर्वांनाच चालत नाहीत. डॉक्टरांनी तपासूनच ते द्यावयाचे असतात. केवळ स्मरणशक्तीसाठी ते घेऊ नयेत. ६५ वर्षांवरील स्त्रियांत दोन्ही संप्रेरके एकत्र दिल्याने स्मृतिभ्रंशाचे प्रमाण वाढल्याचे अमेरिकेतील एका चाचणीत २००३ साली दिसून आले आहे.

आता दोन शब्द बंधूंसाठी. घरात सर्वांत शेवटी निजणारी आणि पहाटे नळाला पाणी आले की सर्वांत आधी उठणारी बहुधा हीच स्त्री असते. त्या पहाटेच्या घागरी दुसऱ्या कोणी भरल्या, तर तिला तासभर झोप अधिक मिळेल. मुख्याध्यापकांना आणि कार्यालयप्रमुखांना माझी विनंती आहे की, वर्षानुवर्षे चोख काम करणारी कर्मचारी या वयात चुकू लागली, तर ज्ञापन देण्यापूर्वी तिला आरोग्य केंद्राकडे पाठवावे. कामाच्या सूचना तोंडी न देता लिहून द्याव्यात.

त्या शिक्षिकेच्या रक्तात हिमोग्लोबिन ८.५ निघाले. लोहाच्या गोळ्या, सायंकाळच्या चहावर बंदी, पाणी भरण्यास मुलगा, एवढ्यावर चार-पाच महिन्यांत बरेच साधले. मी दाखला दिला नाही. अर्ज कपाटातच राहिला आणि त्या आजही वर्गावर आहेत.

भगिनींनो, त्यांनी रात्रीचा त्रास सांगितला नसता, तर एका चांगल्या शिक्षिकेस शाळा मुकली असती. आपण असे मनात ठेवू नका. आरोग्य केंद्रात या आणि मोकळेपणाने सांगा.