सुरकुत्या आणि विद्युल्लहरी



ज्या जातीच्या विद्युत्स्पंदनांवरून नभोवाणीचा आवाज घरोघरीं पोंचतो, त्याच जातीचीं स्पंदनें आज शहरांतील कित्येक त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत सैल पडलेली त्वचा आवळण्याच्या कामीं येतात. या उपचारास ‘रेडिओफ्रीक्वेन्सी’ असें नांव आहे. त्याच्या जाहिराती पाहून कोणास तो चमत्कार वाटतो, तर कोणास निव्वळ थोतांड. वास्तविक तो या दोहोंपैकीं एकही नाहीं. उष्णतेचा तो एक नाजूक आणि थोडासा जोखमीचा प्रयोग आहे. आणि ज्या घरांतील कोणी तो करून घेण्याचा विचार करीत असेल, त्या घरास त्याचें मर्म ठाऊक असणें अगत्याचें आहे.

आपली त्वचा वरून एकसंध दिसली, तरी तिला थर आहेत. वर पातळ बाह्यत्वचा, तिच्याखालीं जाड अंतस्त्वचा आणि तिच्याही खालीं चरबी. त्वचेला जो घट्टपणा असतो तो मुख्यतः अंतस्त्वचेंतील कोलॅजन नांवाच्या तंतूंमुळें. हा तंतु म्हणजे निसर्गानें घातलेली तीन पेडांची वेणीच होय. तीन लांब रेणुसाखळ्या एकमेकींभोंवतीं वळलेल्या असतात आणि असंख्य बारीक बंध त्यांना जागच्या जागीं धरून ठेवतात. वय वाढतें तसे हे तंतु कमी होतात, आणि जे उरतात ते तुटक व विस्कळित होतात. ऊन आणि तंबाखूचा धूर या कामास हातभारच लावतात. मग गाल ओघळतात, हनुवटीखालीं कातडें लोंबूं लागतें, डोळ्यांच्या कडांना रेषा उमटतात.

आतां या वेणीस ऊब दिली तर काय होईल? न कमावलेलें कातडें कढत पाण्यांत टाकलें कीं आकसतें, ही गोष्ट कातडें कमावणारे कारागीर पूर्वापार जाणतात. साधारणतः ६० ते ६५ अंश सेल्सियस उष्णतेस वेणीचे बंध सुटूं लागतात आणि लांबट तंतु आखूड व जाड होतो. परंतु हीच उष्णता वाढवीत नेली किंवा फार वेळ ठेवली, तर वेणी पार उकलते आणि कातड्याचा सरस होतो. सुतार लांकडें जोडण्यासाठीं जो सरस वापरीत आले, तो कातडीं व हाडें शिजवूनच काढलेला असे. ‘कोलॅजन’ हें नांवही सरस या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच पडलें आहे. आकसणें आणि शिजणें यांमधील अंतर हें असें थोड्या अंशांचें व थोड्या क्षणांचें आहे. या उपचाराचें सारें कौशल्य त्या अंतरांत सामावलेलें आहे.

प्रश्न असा कीं, बाह्यत्वचा न भाजतां ही ऊब आंत पोंचवावयाची कशी? आपल्या घरांतील वीज सेकंदास ५० आवर्तनें करते. ती अंगांतून गेली तर स्नायु आंखडतात आणि जिवावरही बेततें. परंतु आर्सेन दार्सोन्व्हाल या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८९१ च्या सुमारास असें दाखवून दिलें कीं, आवर्तनांची संख्या सेकंदास दहा हजारांच्या पुष्कळ पुढें नेली, तर स्नायु आंखडत नाहींत. अंगास केवळ ऊब जाणवते. प्रवाहाची दिशा इतक्या त्वरेनें पालटते कीं, मज्जातंतूंना तिची दखल घेण्यास अवसरच मिळत नाहीं. याच तत्त्वावर पुढें दुखऱ्या सांध्यांना शेक देणारीं डायाथर्मीचीं यंत्रें निघालीं. १९२६ सालीं अमेरिकेंत बॉस्टन येथें हार्वे कुशिंग या मेंदूच्या शस्त्रवैद्यानें विल्यम बोव्ही यांच्या यंत्राच्या साहाय्यानें असाच प्रवाह वापरून, रक्तस्राव आवरीत शस्त्रक्रिया केली. त्वचा आवळण्याचा उपचार हें त्याच घराण्यांतील धाकटें भावंड होय. डोळ्यांभोंवतालच्या सुरकुत्यांसाठीं अशा एका यंत्रास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें २००२ सालीं मान्यता दिली.

त्या यंत्रांतील प्रवाह सेकंदास सुमारें ६० लक्ष आवर्तनें करतो. नभोवाणीच्या भाषेंत बोलावयाचें तर ही ५० मीटरची लघुलहर झाली. मात्र हें यंत्र लहरी हवेंत सोडीत नाहीं. त्याचें लहानसें टोक चेहऱ्यावर टेंकवितात, एक रुंद पट्टी पाठीस किंवा अन्यत्र चिकटवितात, आणि प्रवाह या दोहोंमधून वाहतो. वाटेंत त्वचेचा त्याला अडथळा होतो व त्या अडथळ्यापायीं उष्णता उत्पन्न होते. इस्त्रीची तार तापते ती याच न्यायानें. भेद इतकाच कीं, इस्त्री कापडास बाहेरून तापविते, आणि येथें त्वचाच आंतून तापते. लहान टोकापाशीं प्रवाह दाटतो म्हणून ऊब तेथें एकवटते. रुंद पट्टीपाशीं तो पांगतो म्हणून तेथें चटका बसत नाहीं. त्याच वेळीं गार फवारा देऊन बाह्यत्वचा थंड ठेवली जाते. दुसऱ्या जातीच्या यंत्रांत दोन्ही ध्रुव एकाच मुठींत जवळजवळ बसविलेले असतात. त्यांची ऊब उथळ राहते. तिसऱ्या जातींत बारीक सुया त्वचेंत टोंचून त्यांच्या अग्रांशीं उष्णता दिली जाते.

या रीतीचा आपल्याकडील लोकांस एक विशेष लाभ आहे. कित्येक लेझर यंत्रांचा प्रकाश त्वचेंतील रंगद्रव्य शोषून घेतें, म्हणून सांवळ्या त्वचेवर तीं फार जपून वापरावीं लागतात. विजेच्या या प्रवाहास रंगाशीं फारसें कर्तव्य नसतें. याचा अर्थ तो भाजत नाहीं असा मात्र नव्हे. आणि भाजलेल्या जागीं काळा डाग राहण्याची भीति सांवळ्या त्वचेसच अधिक.

उपचारानंतर लगेच थोडा आवळपणा दिसतो. त्यांतील कांहीं भाग तंतु आकसल्याचा, तर कांहीं निव्वळ सुजेचा असतो. खरें काम पुढें होतें. उबेनें झालेली सूक्ष्म इजा पाहून त्वचेंतील पेशी दुरुस्तीस लागतात आणि नवें कोलॅजन विणूं लागतात. हें विणकाम तीन ते सहा महिने चालतें. तेव्हां येत्या आठवड्यांत घरीं कार्य आहे म्हणून आज उपचार करून घेणें, हें लग्नाच्या आदल्या दिवशीं आंब्याची कोय पुरण्यासारखें आहे. शिवाय मिळणारा पालट बेताचा असतो. ज्यांची त्वचा नुकतीच सैल होऊं लागली आहे, त्यांना गुण बरा येतो. ज्यांच्या मानेवर कातड्याच्या घड्या पडल्या आहेत, त्यांची निराशा होण्याचाच संभव फार. शस्त्रक्रियेनें जें साधतें तें उबेनें साधत नाहीं. आणि जें साधतें तेंही कायमचें नव्हे, कारण वय कांहीं थांबत नाहीं.

आतां जोखमीविषयीं. उष्णता मर्यादेबाहेर गेली तर त्वचा भाजते, वण राहतो. ती खोल उतरली तर खालची चरबी विरून गालास खळगा पडतो. सुयांच्या पद्धतीविषयीं तर अमेरिकेच्या त्याच प्रशासनानें २०२५ च्या ऑक्टोबरांत जाहीर सूचना काढली. भाजणें, वण, चरबी नष्ट होणें, विद्रूपता आणि मज्जातंतूंस इजा या तक्रारी तींत नमूद आहेत. म्हणून हा उपचार शिकलेल्या व अनुभवी वैद्याच्याच हातीं असावा. हृदयांत पेसमेकर बसविला असेल, उपचाराच्या जागीं शरीरांत धातूचा तुकडा असेल किंवा दिवस गेले असतील, तर तें आधींच सांगावें.

आणि शेवटीं जें सांगावयाचें तें विशेषेंकरून भगिनींना. यंत्राच्या टोकापाशीं उष्णतामापक असला, तरी तो बहुधा वरच्या त्वचेची बातमी देतो. आंत खोलवर काय चाललें आहे, याची वार्ता सर्वांत आधीं कळते ती उपचार घेणाऱ्या व्यक्तीलाच. त्वचेची उष्णता साधारण ४३ ते ४५ अंशांवर गेली कीं वेदना होऊं लागते. निसर्गानें दिलेली ती घंटाच आहे. म्हणूनच भूल देऊन ही घंटा अगदीं मुकी करणें इष्ट नव्हे. परंतु आपल्या घरांतून मुलींना लहानपणापासून सोसावयास शिकविलेलें असतें. पैसे भरलेले असतात, वैद्य मोठे असतात, आणि ‘सुंदर दिसावयाचें तर थोडें सोसलें पाहिजे’ ही समजूत मनांत खोल रुजलेली असते. त्यामुळें चटका बसत असतांही कित्येकजणी डोळे मिटून गप्प राहतात. सोशिकपणा हा इतरत्र गुण असेल. या खुर्चीवर तो अपाय करतो. ऊब सुखाची वाटते तोंपर्यंत ठीक. ती टोंचूं लागली कीं हात वर करावा आणि ‘थांबा’ म्हणावें. चांगला वैद्य त्यानें रागावणार नाहीं. तो याच शब्दाची वाट पाहत असतो, आणि काम सुरू करण्यापूर्वीं तसें बजावूनही ठेवतो. जो बजावीत नाहीं, त्याच्या दारांतून परत फिरावें.

सुरकुती पडली म्हणून कोणी लाज बाळगण्याचें कारण नाहीं. ती घालवावीशी वाटली म्हणूनही नाहीं. निवड ज्याची त्यानें करावी. मात्र ती करतांना उन्हांतून जपणें आणि तंबाखू वर्ज्य करणें हे दोन स्वस्त उपाय आधीं हातीं धरावे, आणि विजेच्या उबेकडे गेलांत तर डोळे उघडे व तोंड मोकळें ठेवून जावें.