ब्रेकचे पॅड घरी बदलताना
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



आजवर या सभेत लोणची-मुरांबे झाले, भरतकाम झाले, बाळंतिणीचा आहार झाला. आज मी मोटारीच्या ब्रेकवर बोलणार म्हटल्यावर काही जणींनी तोंडाला पदर लावला, तो मी पाहिला बरे का! पण आपल्या आळीत आता दोन घरांआड एक गाडी उभी असते. तीत आपण बसतो, आपली लेकरे बसतात, आणि चिपळूणहून कऱ्हाडला जायचे तर कुंभार्ली घाट चुकत नाही. ज्या वस्तूच्या हवाली जीव करायचा, ती कशी चालते हे आपल्याला ठाऊक नको काय?

हे बायकांचे काम नव्हे, असे कोणी म्हणाले तर त्याला एक गोष्ट सांगावी. मोटार बनवणारे जर्मनीचे कार्ल बेंझ यांची पत्नी बर्था १८८८ च्या ऑगस्टमध्ये दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मोटारीने माहेरी निघाली. वाट शंभर किलोमीटरांहून अधिक. उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजू लागले, तेव्हा तिने वाटेतल्या चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकला अस्तर लावण्याची सुरुवात इथूनच झाली असे मानतात. म्हणजे हे अस्तर माहेरच्या वाटेवर, एका बाईच्या डोक्यातून निघाले!

आता ब्रेकची रचना पाहू. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांच्या पुढच्या चाकांत एक लोखंडी तबकडी चाकाबरोबर फिरते. तिला डिस्क म्हणतात. पायाने ब्रेक दाबला की नळीतल्या ब्रेक ऑइलचा दाब पिस्टनवर येतो आणि दोन पॅड त्या तबकडीला दोन्ही बाजूंनी आवळतात, चिमट्यात पापड धरावा तसे. ज्या घरात हा पिस्टन आणि पॅड बसतात ते कॅलिपर. पॅड म्हणजे लोखंडी पट्टीवर चिकटवलेले खरखरीत अस्तर.

गाडीचा वेग नाहीसा होतो म्हणजे जातो कुठे? त्याची उष्णता होते. हजार किलोची गाडी सहाशे मीटर उंचीवरून नुसत्या ब्रेकवर खाली आणली, तर जी उष्णता निघेल तिने सुमारे सतरा लिटर पाण्याला आधण यावे! वेग दुप्पट झाला तर थांबवताना उष्णता चौपट होते. एवढा ताप सोसणारी वस्तू झिजायचीच. नव्या पॅडचे अस्तर साधारण दहा मिलिमीटर जाड असते. तीनवर आले की बदलावे. रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवा, साधारण तेवढी ही जाडी.

पॅड झिजला की तो बहुधा आधी सांगतो. पुष्कळ पॅडना एक लहानशी पत्री असते. अस्तर संपत आले की ती तबकडीला घासून बारीक ‘चीं’ असा आवाज करते. त्यापुढे पाटा टाकवल्यासारखी खरखर आली, तर लोखंडावर लोखंड घासते आहे असे समजावे आणि गाडी पुढे नेऊ नये. रात्रभर पावसात उभ्या असलेल्या गाडीचा ब्रेक सकाळी पहिल्या एक-दोन वेळा खरखरतो, तो तबकडीवरचा गंज असतो; तो लगेच निघून जातो. रोज टिकणारा आवाज मात्र कानाआड करू नये.

गेल्या श्रावणात आमच्या गाडीतून अशी ‘चीं’ येऊ लागली. ह्यांनी चाकाच्या फटीतून वाकून पाहिले आणि म्हणाले, “अजून पुष्कळ आहे.” माझा कान काही मानेना. चाक काढले तेव्हा बाहेरचा पॅड खरोखर जाड होता, पण आतला अगदी पापडाएवढा उरलेला! कॅलिपर ज्या खिळ्यांवर सरकते ते आपल्या कोकणच्या दमट हवेने गंजून अडकले होते, म्हणून सारा भार आतल्या पॅडवर पडत होता. साडीचा पदर चांगला दिसला म्हणून निऱ्या शाबूत आहेत असे थोडेच असते? दोन्ही पॅड पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये.

ते पॅड आम्ही दोघांनी अंगणात बदलले. रीत सांगते.

गाडी सपाट, कठीण जमिनीवर उभी करावी. हातब्रेक ओढावा, गिअर टाकावा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावावेत. चाकाचे नट गाडी उचलण्यापूर्वीच थोडे सैल करावेत. मग जॅकने उचलून लोखंडी स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. काढलेले चाकही गाडीखाली आडवे सरकवून ठेवावे. स्टँड सरकलाच तर तेवढाच आधार.

कॅलिपरचा खालचा बोल्ट काढला की बहुतेक गाड्यांत ते वर उचलता येते. ते तारेने बांधून ठेवावे, रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये. जुने पॅड काढून तबकडी पाहावी. तिच्यावर खोल चरे किंवा तडे असतील, तर नुसते पॅड बदलून भागत नाही. धूळ फुंकू नये. जुन्या काळच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे, ते फुफ्फुसाला घातक. आताचे अस्तर कशाचेही असो, नाकाला फडके बांधून ओल्या कापडानेच पुसावे.

नवे पॅड जाड असतात, म्हणून बाहेर आलेला पिस्टन मागे सारावा लागतो. जुना पॅड त्यावर ठेवून सी-क्लॅम्पने हळूहळू दाबावा. त्या वेळी बॉनेटखालच्या डबीतले ब्रेक ऑइल वर चढते. ते सांडले तर रंग खाते, म्हणून एकीने तिकडे लक्ष ठेवावे. सरकत्या खिळ्यांचा गंज काढून त्यांना ब्रेकसाठीचेच ग्रीस लावावे. पॅडच्या तोंडाला किंवा तबकडीला मात्र ग्रीसचे बोटसुद्धा लागता कामा नये. बोल्ट गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाने, टॉर्क पान्याने आवळावेत. एक बाजू पुरी झाल्यावरच दुसरी उघडावी, म्हणजे कसे बसवायचे ते समोर राहते. पॅड मात्र दोन्ही चाकांचे एकदमच बदलावेत; एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक दाबताच गाडी एकीकडे ओढते.

आता सर्वांत महत्त्वाचे. काम आटोपले, चाके बसली, तरी गाडी लगेच हलवू नये. पिस्टन मागे गेलेला असल्याने पहिल्यांदा पाय सरळ खालपर्यंत जातो आणि गाडी थांबतच नाही! म्हणून जागच्या जागी ब्रेक पुन्हा पुन्हा दाबावा, पायाला घट्ट लागेपर्यंत. मग डबीतल्या ऑइलची पातळी पाहावी, अगदी हळू चालवून पाहावे, आणि पहिले काही दिवस घाटात जाऊ नये. नव्या अस्तराला तबकडीशी जुळायला वेळ लागतो.

सगळेच घरी करावे असे मी म्हणत नाही. ऑइल गळत असेल, दाबूनही पाय मऊच लागत असेल, पिस्टन मागे सरत नसेल किंवा गाडीचा हातब्रेक विजेचा असेल, तर जाणत्या मेकॅनिककडेच जावे. आणि आपल्या हाताने पान्याला शिवायचे नसले, तरी विचारता तर येते? “आतला पॅड किती उरलाय, दाखवा,” एवढे म्हटले की गॅरेजवालाही जपून बोलतो. जुने पॅड मागून घ्यावेत.

नवे पॅड असले तरी घाट उतरताना चढणीचाच खालचा गिअर ठेवावा, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवते. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडणारे महाभाग असतात. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी त्याची मदतही थोड्या वेळात संपते आणि पायाला दगड लागतो. आपण शेजारी असलो तर तिथेच टोकावे, भीड धरू नये.

वटपौर्णिमेला आपण वडाला सात फेऱ्या घालतो. त्या घालाव्याच, पण त्याच दिवशी गाडीचे पॅडही पाहून घ्यावेत. पावसाळा तोंडावर असतो, पुढे गणपतीला मुंबईची मंडळी घाट उतरून येतात. त्यांनाही पत्रात नाही तर फोनवर एवढे विचारावे, “निघण्यापूर्वी ब्रेक पाहिलेत ना?”

पुढच्या शनिवारी चार वाजता आमच्या अंगणात चाक काढून दाखवणार आहे. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी जुने पातळ नेसून यावे. चहा मी करीन, नट तुम्ही सैल करा!