घरबसल्या बीजगणित : सवलत आणि शिस्त



1946 साली पूज्य बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. नोकरी करणाऱ्या मुलांनाही शिकता यावे म्हणून ते सकाळी भरे. आज 'स्वयम्'वर आयआयटीच्या प्राध्यापकांकडून रेषीय बीजगणित रात्रीही शिकता येते, तेही विनामूल्य. पण घरी शिकायचे म्हणजे नियम नाहीत, हा समज आपण सोडला पाहिजे.

तेथील एनपीटीईएलच्या बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात दर आठवड्याला मुदतीचा गृहपाठ असतो. सर्वोत्तम आठ गृहपाठांच्या सरासरीला 25 गुण आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला 75. प्रमाणपत्रासाठी गृहपाठात किमान 10 व परीक्षेत किमान 30 गुण लागतात. एकीकडची उणीव दुसरीकडून भरून निघत नाही. परीक्षेची नोंदणी व शुल्क वेगळे. ती तारीख चुकवू नये.

मित्राची उत्तरे उतरवून गृहपाठाचे गुण मिळतीलही. परीक्षेत ती कामी येणार नाहीत. बीजगणित नुसते पाहून येत नाही, हाताने सोडवून येते. व्हिडिओ थांबवावा, वहीत प्रत्येक पायरी लिहावी, अडलेले त्याच आठवड्यात विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

पालकांनीही मुलाच्या हाती मोबाईल दिसताच रागावण्यापूर्वी त्याची वही पाहावी. एका खोलीच्या घरात शांतता मिळणे कठीण, हे आपण जाणतो. म्हणून संध्याकाळी विहार अभ्यासासाठी उघडे ठेवणे, हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे असे आम्ही मानतो.

नमो बुद्धाय! जयभीम!