सिग्नलचं शिक्कामोर्तब

चौकात सिग्नलला थांबलात की एकदा खांबाच्या आसपास नजर टाका. कडेला एक लोखंडी पेटी दिसेल. तिच्यावर बहुधा कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा चिकटवलेल्या असतात. लाल कधी आणि हिरवा कधी, हे ती पेटी ठरवते. पूर्वी ती आपली आपण चालायची. ठरलेले सेकंद मोजायची आणि दिवा बदलायची. आता मुंबई-पुण्यासारख्या शहरांत अशा पेट्या दूरच्या नियंत्रण कक्षाला जोडलेल्या असतात. कुठे गाड्या तुंबल्या ते कळवतात आणि तिकडून आलेला हुकूम पाळतात.

पण हुकूम नियंत्रण कक्षातूनच आला, हे पेटीला कसं कळतं?

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 मध्ये हे तपासून पाहिलं, तेही रस्ते सांभाळणाऱ्या यंत्रणेची रीतसर परवानगी घेऊन. तिथे जवळपास शंभर चौक रेडिओलहरींनी जोडलेले होते. त्या जाळ्याचं नाव साध्या लॅपटॉपवरही दिसायचं; आत शिरायला मात्र त्याच बनावटीचा रेडिओ लागायचा. तो मिळाला आणि संशोधक आत! संदेशांना एन्क्रिप्शन नव्हतं, आणि पासवर्ड कारखान्यातून आला तोच. एन्क्रिप्शनची सोय रेडिओत होती, ती कुणी सुरूच केली नव्हती. कुलूप विकत आणलं, पण ते खोक्यातून काढलंच नाही, असा प्रकार. पेटीला हातही न लावता त्यांनी चौकातले दिवे बदलून दाखवले. यावर पेटी बनवणाऱ्या कंपनीचं म्हणणं असं की आम्ही प्रचलित मानक पाळलं आहे, आणि मानकातच सुरक्षेचा समावेश नाही.

मग चारही बाजूंना एकदम हिरवा लावता आला असता का? नाही. पेटीत एक स्वतंत्र राखणदार यंत्र असतं. कुठले दिवे एका वेळी चालतात याची यादी त्यात पक्की बसवलेली असते. यादीबाहेरचं काही घडलं की ते सगळे दिवे लुकलुकत्या लालवर टाकतं. मग माणसानं स्वतः चौकात जाऊन ते पूर्ववत करायचे. म्हणजे टक्कर टळते. पण कुणी एकामागून एक पन्नास चौक असे लुकलुकत ठेवले, तर किती माणसं कुठेकुठे धावणार? आणि त्या कोंडीत रुग्णवाहिकाही असतेच.

एन्क्रिप्शन म्हटलं की आपल्याला गुपित आठवतं. नंबरप्लेट टिपणाऱ्या कॅमेऱ्यांच्या बाबतीत ते बरोबरच आहे. कुणाची गाडी कधी कुठून गेली, हे वाटेत तिसऱ्याला कळता कामा नये. सिग्नलच्या हुकुमात मात्र गुपित ते काय? दिवा तर साऱ्या चौकाला दिसतो. तिथे हवी ती खात्री. शिवकालीन पत्रांत माथ्यावर मुद्रा असे आणि मजकूर संपला की मोर्तब. मुद्रेवरून हुकूम कुणाचा ते समजे, आणि मोर्तबाखाली कुणाला ओळ वाढवता येत नसे. एन्क्रिप्शनच्या गणितातूनच तयार होणारी डिजिटल सही आज हे काम करते. हुकुमातला एक आकडा जरी वाटेत बदलला, तरी सही जुळत नाही आणि पेटी तो हुकूम झिडकारते.

शिवाय पत्रावर तारीख हवीच. नाहीतर सकाळचा अस्सल हुकूम हवेतून टिपून ठेवायचा आणि संध्याकाळी ऐन गर्दीत जसाच्या तसा पुन्हा सोडायचा. त्यासाठी आतला मजकूर वाचता येण्याचीही गरज नाही. म्हणून प्रत्येक हुकुमात वेळ किंवा अनुक्रमांक घालतात. जुना हुकूम पुन्हा आला की पेटी तो ओळखते.

शिक्का नसला की काय होतं, ते पोलंडनं ऑगस्ट 2023 मध्ये अनुभवलं. तिथल्या रेल्वेच्या रेडिओवर तीन ठराविक सूर वाजले की गाडी आपोआप थांबते. ही सोय संकटासाठी केलेली. पण सूर जगजाहीर, आणि वाजवणारा कोण हे विचारण्याची तजवीज नाही. कुणीतरी ते वाजवले आणि श्चेचिन शहराच्या परिसरात वीसहून अधिक गाड्या थांबल्या.

अर्थात कुलूप बाहेरच्याला अडवतं. लॉस एंजेलिसमध्ये 2006 साली कर्मचाऱ्यांचं आंदोलन चालू असताना चार चौकांच्या सिग्नलशी छेडछाड झाली. ती करणारे शहराचेच दोन वाहतूक अभियंते होते. तेव्हा किल्ली कुणाकडे आहे आणि कुणी कधी वापरली, याची नोंदवहीही तितकीच गरजेची.

आपल्याकडे सिग्नल निविदा काढून बसतात. उद्घाटनाला खांब आणि दिवे दिसतात, पेटीत कुणी डोकावत नाही. आपल्या शहरात नवी यंत्रणा येईल तेव्हा तुमच्या नगरसेवकाला तीन गोष्टी जरूर विचारा. कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलला का? हुकुमावर सही आणि वेळ असते का? आणि सगळ्या पेट्यांना एकच किल्ली आहे, की प्रत्येकीला वेगळी? एकच असेल, तर एक पेटी फोडणाऱ्याच्या हाती सगळं शहर लागतं.