थर्माकोलचं धरण आणि हिरवी गाडी



संयोजकांनी मला छंदाबद्दल बोलायला सांगितलं, तेव्हा त्यांना बागकाम वगैरे अपेक्षित असावं. माझा छंद बाहेरच्या टेबलावर ठेवलाय. हिरवी गाडी. मघाशी दोघातिघांनी विचारलं, "मुलाची का गं?" नाही, माझीच. शेचाळिसाव्या वर्षी बसून जोडलेली.

ही जग्वार ई-टाइप. मूळ गाडी मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनाच्या वेळी लोकांसमोर आली. चालवून बघणाऱ्यांची इतकी झुंबड उडाली की कंपनीने कॉव्हेंट्रीहून आणखी एक गाडी मागवली. नॉर्मन ड्युइस या त्यांच्या चाचणीचालकाने ती रात्रभर चालवत सकाळी तिथे पोचवली. कामानिमित्त मी काही महिने कॉव्हेंट्रीत होते, तिथे ही गाडी प्रत्यक्ष पाहिली. घरात ठेवता येईल अशी हवी होती, म्हणून हे किट.

माप १:८. म्हणजे साडेचार मीटरच्या आतबाहेरची गाडी साधारण ५५ सेंटीमीटरची होते. या मापात फसवाफसवी चालत नाही. बॉनेट पुढच्या बाजूला बिजागरीवर उघडतं, आणि ते उघडलं की अर्धी गाडी उघडी पडते. आत सहा सिलिंडरचं ३.८ लिटरचं इंजिन, तीन कार्बोरेटर, सगळं दिसतं. डिस्ट्रिब्यूटरपासून प्लगपर्यंतच्या सहा वायर मी हौसेने खऱ्या क्रमाने लावल्या: १-५-३-६-२-४. दोन रविवार गेले. मग कळलं की या इंजिनात एक नंबरचा सिलिंडर मागून मोजतात. आमच्या धंद्यात मोजणी शून्यापासून की एकापासून यावर वाद होतात. इथे टोकच उलटं निघालं! सगळ्या वायर काढून पुन्हा लावल्या. नवरा म्हणाला, कोण बघणार आहे? मी बघणार होते.

वायर निघाल्या, कारण त्या नुसत्या खोचलेल्या होत्या. चिकटवलेलं मात्र निघत नाही. किटचं प्लॅस्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. त्याचा सिमेंट डिंकासारखा चिकटत नाही. तो दोन्ही कडा वितळवतो, त्या एकमेकींत मिसळतात आणि द्रव उडून गेला की एकच तुकडा उरतो. दिवसभर कॉम्प्युटरवर चुकलं की मागे जायची सवय असलेल्या बाईला हे जड जातं.

बॉनेट मी जुलैत रंगवलं, पुण्यात, पावसात. घाईच, दुसरं काय. स्प्रेमधला द्रव भराभर उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतला ओलावा रंगात बसतो. गडद हिरव्यावर दुधाची साय धरल्यासारखं झालं. मग वॉटर पेपर घेतला आणि पाण्यात बुडवून घासत बसले.

घासता घासता थर्माकोलचं धरण आठवलं. त्यासाठीच खरं तर मी आज उभी आहे.

नववीतलं विज्ञान प्रदर्शन, १९९३. आमच्या गटाने कोयना धरण केलं होतं, थर्माकोलचं. आदल्या संध्याकाळी भिंत कोऱ्या पांढऱ्या रंगाची दिसते म्हणून मी काकांच्या गॅरेजमधला करड्या रंगाचा स्प्रे आणला आणि कुणी नसताना मारला. थर्माकोल म्हणजे याच पॉलिस्टायरीनचा फेस. किटचा जाड तुकडा ज्या द्रवाने जोडला जातो, तसल्याच द्रवाने फेस विरघळून जातो. धरणाच्या भिंतीला माझ्या डोळ्यांदेखत खड्डे पडले आणि ती खाली बसली. मी डबा दप्तरात टाकून घरी गेले.

सकाळी सरांनी विचारलं, काल शेवटी कोण होतं? किल्ली जिच्याकडे होती तिचं नाव पुढे आलं. तिने "मी नाही केलं" एवढंच दोनदा सांगितलं. मी शेजारीच उभी होते. तालुक्याला जाणाऱ्या गटातून तिला काढलं, आणि तिच्या जागी मला घेतलं. ते प्रमाणपत्र आईने फ्रेम करून लावलं होतं.

सर, तो स्प्रे मी मारला होता. बत्तीस वर्षं झाली. हे तिला फोनवर सांगता आलं असतं, पण बोलणी तिने सगळ्या वर्गासमोर खाल्ली होती.

बॉनेट नोव्हेंबरात कोरड्या हवेत पुन्हा रंगवलं, पातळ थर, प्रत्येकामध्ये एक दिवस. आता बरं झालंय. डाव्या कडेला एक धुळीचा कण अडकलाय, तो तसाच ठेवलाय.

गाडी मात्र पूर्ण नाही. लाकडी कडेचं, तीन आऱ्यांचं स्टेअरिंग मी अजून लावलेलं नाही, ते डबीत आहे. तिसऱ्या रांगेत बसली आहेस, दिसतेयस मला. चहाच्या वेळी टेबलापाशी ये. चिमटा आणि सिमेंट पर्समध्ये आहे. स्टेअरिंग तू लाव.