मूठभरांचे मत



निवडणूक जवळ आली की आपल्या मंडळींत एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘आपण इथे मूठभर, आपल्या मताने काय होणार?’ सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून या वाक्याचाच विचार करावा, असे आम्हांस वाटते.

१८३९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात गव्हर्नरपदाची निवडणूक झाली. विजयासाठी निम्म्याहून अधिक मते आवश्यक होती. एकूण १,०२,०६६ मतांपैकी मार्कस मॉर्टन यांना ५१,०३४ मिळाली. नेमकी लागत होती तेवढीच. त्यांतले एक जरी मत ढळते, तर निर्णय विधिमंडळाच्या हाती गेला असता. एडवर्ड एव्हरेट यांचे गव्हर्नरपद त्या एका मताने गेले.

ही दूरदेशीची गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. आपल्या छत्तीसगढात २०१३ च्या विधानसभा निवडणुकीत भाजपला ४९ आणि काँग्रेसला ३९ जागा मिळाल्या; परंतु राज्यभरच्या मतांतील अंतर एक टक्काही नव्हते. ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय त्या वर्षी प्रथमच आला, आणि त्याला पडलेली मते या अंतराच्या कितीतरी पट होती. पुढच्याच वर्षी शेजारच्या महासमुंद लोकसभा मतदारसंघात चंदूलाल साहू यांनी माजी मुख्यमंत्री अजित जोगी यांचा अवघ्या १,२१७ मतांनी पराभव केला. तेही त्याच नावाचे अनेक उमेदवार रिंगणात असताना! एवढी मते तर एखाद्या वस्तीतही असतात.

भोसल्यांच्या काळी मराठी माणूस या मुलखात सत्तेच्या बळावर आला. ती सत्ता १८५४ साली संपली. पुढे माधवराव सप्रे यांनी १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले, आणि मातृभाषा मराठी असूनही ते या भूमीचेच झाले. आपला वारसा या दुसऱ्या वाटेचा आहे, असे आम्ही मानतो.

आपल्यांपैकी कित्येकांची नावे मात्र अद्याप गावाकडच्या मतदारयादीत आहेत. मुले इथे शिकली, घरे इथे बांधली, नळाचे पाणी आणि रस्ते इथलेच. आणि मत तेवढे विदर्भात! कायद्याने नाव एकाच ठिकाणी ठेवता येते, आणि ते जिथे आपला नित्य वास आहे तिथेच असावयास हवे. मराठी म्हणून गठ्ठा बांधावा, असे आमचे म्हणणे नाही. ज्याने त्याने आपल्या विवेकाने मत द्यावे. परंतु पाहुण्यासारखे ओसरीवर बसून राहू नये. आज घरी गेल्यावर प्रत्येकाने आपले नाव कोणत्या यादीत आहे, एवढे पाहावे, ही नम्र विनंती.